श्रद्धा आणि गोळ्या एकाच रंगमंचावर

नैराश्याशी झगडणारी नायिका, तिची प्रार्थना आणि तिची औषधं एकत्र आणणाऱ्या नव्या नाटकावरचा एक लेख वाचला, आवडला. पण ‘श्रद्धा विरुद्ध विज्ञान’ ही त्यातली मांडणी पटली नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत धार्मिक वा आध्यात्मिक अडचणीची नोंद १९९४ सालीच आली, तीही आजार म्हणून नव्हे, तर लक्ष देण्याजोगी बाब म्हणून.

खरा गुंता ओसीडीच्या (नकोसे विचार छळतात आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटते, त्या मानसिक आजाराच्या) एका प्रकारात दिसतो. एखादा शब्द चुकला तर पाप लागेल, या धास्तीने माणूस तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. बघणाऱ्यांना ती भक्ती वाटते, वर कौतुकही होतं! हे रंगमंचावर दाखवायला लांबलचक संवाद कशाला? तीच ओळ, दर वेळी जरा जास्त घाईने. प्रेक्षक आधी हसतील, मग चुळबुळतील. (लाल प्रकाश आणि घुमणारे आवाज मात्र नकोत, फार गुळगुळीत झालंय ते.)

नायिका श्रद्धेने सावरली की गोळ्यांनी, हे नाटककाराने सांगितलं नाही, ते बरंच केलं. पण गोळ्या ती अजून घेतेय का, एवढं तरी कळायला हवं होतं. बरं वाटू लागलं की डॉक्टरांना न विचारता औषध बंद करणारे पुष्कळ असतात.