रात्रीचे उठणे, पाणी आणि प्रोस्टेट : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, सप्रेम नमस्कार.

रात्री लघवीसाठी उठावे लागण्यावर मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तर द्यायला चार दिवस घेतले, कारण तिच्यातला एक आक्षेप पूर्ण खरा आहे आणि तो मान्य करण्याआधी माझाच लेख पुन्हा तपासावा असे मला वाटले. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगते. आपले वय 57, रक्तदाब आणि साखर या दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत, आणि रात्री तीन वेळा उठावे लागते. माझ्या लेखातला ‘संध्याकाळी सहानंतर पाणी बंद’ हा सल्ला आपण पंधरा दिवस पाळला. त्याने तोंड कोरडे पडले, पोट साफ होईना, लघवीला जळजळ सुरू झाली आणि उठणे तिनाचे तीनच राहिले. शेवटी कोल्हापुरात रंकाळा तलावावर सकाळी सोबत फिरणाऱ्या मित्राने सांगितलेली प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची, गोळी आपण सुरू केली. हा पुरुषांचा विषय आहे, त्यात डॉक्टर नसलेल्या बाईने पडू नये, आणि वयोमानाने होणाऱ्या गोष्टीला आजार ठरवू नये, असेही आपण लिहिले आहे. आता गंगावेशीतल्या कट्ट्यावरचे रात्रीचे दूधही बंद करायचे काय, हा टोला शेवटी आहेच.

पाण्याबद्दल आपले बरोबर आणि माझे चूक. ते वाक्य मी लेखातून काढले आहे. सहा वाजता पाणी तोडले की लघवी दाट होते, दाट लघवी मूत्राशयाला टोचते, आणि थोडीशी साठली तरी कळ येते. म्हणजे ज्यासाठी पाणी तोडले तेच वाढते. शिवाय ज्याला मुतखड्याचा त्रास होऊन गेला आहे किंवा ज्याच्या साखरेच्या गोळ्यांमुळे आधीच लघवी जास्त होते, त्याने तहान मारणे धोक्याचे आहे. मला म्हणायचे होते ते एवढेच, की दिवसभराच्या पाण्याचा मोठा वाटा सकाळी आणि दुपारी घ्यावा, झोपण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत तांब्याने पाणी पिऊ नये आणि रात्रीचा चहा टाळावा. तहान लागली तर दोन घोट पाणी कोणत्याही वेळी प्यावे. म्हणायचे एक आणि लिहिले भलतेच, याचा त्रास आपल्याला झाला, त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.

आता प्रोस्टेट. सर, मला प्रोस्टेट नाही, आणि तरी 51व्या वर्षी मी रात्री तीन वेळा उठत होते. तो लेख मी लिहिला तो त्यामुळेच. पन्नाशीतल्या साधारण निम्म्या पुरुषांची ही ग्रंथी वाढलेली असते आणि ती मूत्रमार्गाला वेढून असल्याने धार बारीक होणे, सुरू व्हायला वेळ लागणे, शेवटी थेंब थेंब येणे, पुरते मोकळे न वाटणे हे सगळे होते. आपल्याला यांतले काही होत असेल तर तपासणी अवश्य करून घ्यावी. परंतु रात्री उठण्याचे प्रमाण वयाबरोबर स्त्रियांतही वाढते, आणि तरुण वयात तर ते पुरुषांपेक्षा स्त्रियांतच जास्त आढळते. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे स्त्रियांचे संप्रेरक कमी झाले की मूत्रमार्गाचे अस्तर पातळ आणि नाजूक होते. त्यात अंगातून वाफा येऊन झोप मोडते, आणि जाग आलीच आहे तर जाऊन येऊ, असे करत बाई उठते. लघवीमुळे जाग आली की जाग आल्यामुळे लघवी आठवली, हा प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे आणि तो फार थोडे लोक विचारतात.

माझ्या मूळ लेखातली खरी उणीव आपल्या नजरेतून सुटली, ती मीच सांगते. मी उपाय आधी सांगितले आणि मोजायला नंतर, तेही एका ओळीत. प्रत्यक्षात मोजण्यापासूनच सुरुवात व्हायला हवी होती. मला आधी ज्यांनी तपासले त्यांनी ‘वय झाले, आता असेच चालायचे’ असे सांगून दोन मिनिटांत बाहेर पाठवले होते. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी तीन दिवसांची नोंद मागितली: किती वाजता लघवी झाली, किती मिलिलिटर झाली, काय आणि किती प्यायले, किती वाजता झोपले, किती वाजता उठले. घरात दुधाचे जुने अर्ध्या लिटरचे प्लॅस्टिकचे माप पडून होते. त्यावर मार्कर पेनने खुणा केल्या आणि ते न्हाणीत ठेवले. मुलाने नाक मुरडले, पण तीन दिवसांत जे कळले ते आधीच्या दोन वर्षांत कळले नव्हते.

चोवीस तासांत माझी लघवी सुमारे 1,600 मिलिलिटर होती, म्हणजे अगदी सर्वसाधारण. त्यातली 850 रात्री साडेदहा ते सकाळी सहा या वेळेतली होती. तरुण माणसाची रात्रीची लघवी दिवसभराच्या साधारण पाचव्या भागाइतकी असते, आणि पासष्टीनंतरसुद्धा ती एक तृतीयांशाच्या वर गेली तर डॉक्टर तिला जास्त मानतात. माझी निम्म्याहून अधिक होती. (सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्याच हिशेबात धरायची असते, कारण ती रात्री तयार झालेली असते. ही गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली आणि पहिल्या दिवसाचा कागद पुन्हा लिहावा लागला.) प्रत्येक वेळी दोनशे मिलिलिटरच्या वर होत होती, म्हणजे मूत्राशय आपले काम नीट करत होते. बिघाड खाली नव्हता; रात्री मूत्रपिंडांकडे पाणीच जास्त येत होते. याउलट ज्याला दर वेळी ऐंशी-शंभर मिलिलिटरच होते, त्याचे दुखणे मूत्राशयाचे, प्रोस्टेटचे किंवा झोपेचे असण्याची शक्यता अधिक. आणि ज्याची चोवीस तासांची लघवीच तीन लिटरच्या वर जाते, त्याने साखर तपासल्याशिवाय दुसरे काही करू नये. रक्तातली साखर साधारण 180च्या वर गेली की ती लघवीत उतरू लागते आणि आपल्यासोबत पाणी ओढून नेते.

माझ्याकडे रात्री पाणी येत होते ते पायांतून. शाळेत दिवसभर उभे राहून संध्याकाळी माझे घोटे सुजत, मोज्याचा वळ पोटरीवर उमटे. उभे असताना पायांत साठलेले हे पाणी माणूस आडवा झाला की रक्तात परत येते आणि मूत्रपिंडे ते रात्रीतून बाहेर काढतात. सूज वाढायला दोन कारणे होती. एक म्हणजे रक्तदाबासाठी मला चालू असलेली अ‍ॅम्लोडिपिनची गोळी, जिच्याने काही जणांच्या घोट्यांना सूज येते. दुसरे कारण म्हणजे मीठ, आणि येथे कोल्हापूरकराला थोडे अंतर्मुख व्हावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमची आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आपल्याकडे तांबडा-पांढरा रस्सा वाट्यांनी पिण्याची गोष्ट आहे, त्यासोबत ठेचा, खर्डा, पापड, आणि हे सगळे रात्रीच्या जेवणाला. जपानमधील नागासाकी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये मांडलेल्या एका अभ्यासात, मीठ जास्त खाणाऱ्या लोकांनी ते दिवसाला सरासरी 10.7 ग्रॅमवरून 8 ग्रॅमवर आणले तेव्हा त्यांचे रात्रीचे उठणे सरासरी 2.3 वरून 1.4 वर आले, आणि ज्यांचे मीठ वाढले त्यांचे उठणेही वाढले. आठ ग्रॅम हे काही बेचव जेवण नव्हे. मी रस्सा सोडलेला नाही. तो रविवारी दुपारच्या जेवणाला घेते. संध्याकाळी पाच ते सहा पाय उशीवर वर ठेवून पडते, म्हणजे ते पाणी झोपण्याआधीच निघून जाते. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. आता मी एकदा उठते, कधी उठतही नाही.

आपल्या बाबतीत यांतले काय लागू पडते हे मी सांगू शकत नाही, डॉक्टर नसल्याचा आपला मुद्दा येथे मला शिरसावंद्य आहे. तरी आपल्या गोळ्यांची नावे घेऊन डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात अशी विनंती आहे. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले आहे का आणि ते आपण कोणत्या वेळी घेता. साखरेची गोळी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या जातीची आहे का, कारण या गोळ्यांचे कामच मुळी साखर लघवीवाटे बाहेर टाकण्याचे आहे. आणि मित्राने सुचवलेली गोळी या दोन्हींसोबत चालते का. प्रोस्टेटसाठी सर्रास दिली जाणारी टॅम्सुलोसिन उभे राहताना रक्तदाब खाली आणू शकते. रक्तदाबाची गोळी पोटात असताना रात्री दोन वाजता झोपेतून ताडकन उठणाऱ्या माणसाला भोवळ येणे म्हणजे काय, हे सांगायला नको. मनाने कोणतीही गोळी बंद करू नका, आणि मनाने सुरूही करू नका. लघवीत रक्त दिसले, ताप आणि थंडी वाजून जळजळ झाली किंवा लघवी पूर्ण तुंबली, तर मात्र कागद-माप बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणखी एक प्रश्न आपल्याला नव्हे, घरच्यांना विचारायचा आहे: आपण घोरता का, आणि घोरताना मध्येच श्वास थांबल्यासारखे होते का? माझे यजमान रात्री चार-चार वेळा उठत आणि आम्ही दोघेही प्रोस्टेटला दोष देत होतो. श्वास अडतो तेव्हा छातीत ताण येऊन हृदयाचे कप्पे ताणले जातात, हृदयाला वाटते रक्त फार झाले, आणि ते मीठ-पाणी बाहेर काढण्याचा संदेश मूत्रपिंडांना देते. झोपेची तपासणी झाली, झोपेत हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारे, नाकाला लावायचे सीपॅप यंत्र आले, आणि घोरण्यासोबत उठणेही उतरले. यंत्राचा आवाज सुरुवातीला मला सहन होत नसे, हे खरे. पण तो घोरण्यापेक्षा बरा.

वयाबद्दल आपण लिहिलेत ते अर्धे खरे आहे. लघवी कमी करणारे एक संप्रेरक मेंदूतून रात्री जास्त स्रवते आणि उतारवयात ही रात्रीची वाढ मंदावते, म्हणून एकदा उठणे मीही आजार मानत नाही. आपले वडील नव्वदीपर्यंत उठत राहिले असेही आपण लिहिले आहे, ते वाचून आनंद वाटला. माझ्या सासूबाईही उठत. मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात संडास चौकापलीकडे होता, आणि श्रावणातल्या एका रात्री ओल्या शहाबादी फरशीवरून त्यांचा पाय घसरला. खुब्याचे हाड मोडले. त्या पुन्हा काठीशिवाय चालल्या नाहीत. त्यांच्या पायांना सूज होती, हे आम्ही सगळेच रोज पाहत होतो आणि तिला वय म्हणत होतो. आपल्या वाटेत आज रात्रीपासून एक छोटा दिवा लावून ठेवा, बाकीचे सावकाश ठरवता येईल.

राहिले दूध. गंगावेशीत समोर म्हैस पिळून मिळणारे धारोष्ण दूध बंद करा, असे कोणत्याही कोल्हापूरकराला सांगण्याची माझी हिंमत नाही. पण म्हशीच्या दुधातही ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणीच असते, म्हणजे रात्री साडेनऊला घेतलेल्या अर्ध्या लिटरमधले चारशे मिलिलिटर पाणी आपण अंथरुणात घेऊन जातो. साखरेच्या दृष्टीने त्याचे प्रमाण काय असावे ते डॉक्टर सांगतील. आपण एवढे करून पाहा: तीन रात्री दूध रात्री घ्या, पुढच्या तीन रात्री तेच दूध संध्याकाळी सहाला कट्ट्यावर जाऊन घ्या, आणि सहाही रात्रींची मापे लिहून ठेवा. आकडे इथेच कळवलेत तर मी ते मूळ लेखाखाली जोडीन, माझ्या विरोधात गेले तरी.