‘पाच मिनिटांत सगळे मॉड अपडेट’: एका फॉरवर्डची चिरफाड

काल भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, “मामा, हे बरोबर आहे ना? मी निम्मं केलंय.” निम्मं केलंय हे वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं आणि त्याला आधी फोन लावला. हाच मेसेज याआधी दोन ग्रुपांत फिरताना दिसला होता, म्हणजे आणखी कुणीकुणी निम्मं केलं असेल देव जाणे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. (मॉड म्हणजे गेममध्ये भर घालायला किंवा बदल करायला बाहेरच्या लोकांनी केलेल्या फाइली.) गेमचं नवं व्हर्जन आलं की: (१) लगेच अपडेट करा, मॉडवाले संध्याकाळपर्यंत आपले मॉड जुळवून देतातच. (२) नव्या मॉडच्या फाइली जुन्यांवर टाका आणि ‘रिप्लेस ऑल’ दाबा. (३) अँटिव्हायरस बंद करा, तो मॉडना उगाच अडवतो. (४) मॉड जुन्या व्हर्जनसाठी आहे असं गेम म्हणत असेल, तर मॉडच्या फाइलीतला व्हर्जनचा आकडा बदला. (५) सेव्हचा, म्हणजे खेळ कुठवर आला त्याच्या फाइलीचा, बॅकअप नको, क्लाउडवर असतोच. (६) तरीही काही बिघडलं तर ‘व्हेरिफाय’ करा, गेम कोरा करकरीत होतो.

तिसऱ्यापासून सुरू करतो. बाकीच्या पाचांमुळे फार तर गेम जाईल, तिसऱ्यामुळे ईमेलपासून बँकेपर्यंत काहीही जाऊ शकतं.

बऱ्याच मॉडमध्ये चालणारा कोड असतो. माइनक्राफ्ट या गेमची जार फाइल, स्कायरिमचं डीएलएल (तीही कोडचीच फाइल), सिम्स ४ ची स्क्रिप्ट फाइल, हे सगळं तुमच्या संगणकावर तुमच्याच अधिकाराने चालतं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तुम्हाला उघडता येतात ना? मग त्या कोडलाही येतात. मधे उभा असतो तो अँटिव्हायरस, आणि मेसेज सांगतो की त्यालाच आधी घरी पाठवा.

जून २०२३ मध्ये काय झालं ते हा मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. कर्सफोर्ज आणि बुकिट या माइनक्राफ्टच्या मॉड आणि प्लगइन मिळण्याच्या दोन मोठ्या ठिकाणी काही खाती चोरांच्या ताब्यात गेली. त्या खात्यांवरून आधीपासून चालत आलेल्या, लोकांच्या विश्वासातल्या मॉडच्या नव्या फाइली चढवल्या गेल्या. आत होतं ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचं मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम. ‘बेटर माइनक्राफ्ट’सारखा लोकप्रिय मॉडपॅकही (अनेक मॉडचा एकत्र संच) त्यातून सुटला नाही. मॉड करणाऱ्याच काही मंडळींनी रात्रीचा दिवस करून त्याचा छडा लावला आणि सगळा तपास लिहून सर्वांसाठी खुला ठेवला. मेसेज पुढे ढकलण्याआधी तेवढा तरी वाचा. ब्राउझरमधल्या कुकीज आणि लॉगिन, डिस्कॉर्ड, मायक्रोसॉफ्ट आणि माइनक्राफ्टची खाती, सगळं ते उचलत होतं. क्लिपबोर्डवर क्रिप्टोचा पत्ता कॉपी केलेला दिसला तर त्या जागी चोराचा पत्ता घालत होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे संगणकावर सापडेल त्या दुसऱ्या जार फाइलींतही स्वतःला घुसवत होतं. म्हणजे तो एक मॉड काढून टाकला की सुटलो, असंही नव्हतं. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर हाच प्रकार.

यातली मेख लक्षात घ्या. ते अनोळखी जागेवरून आलं नाही, ओळखीच्या मॉडचं अपडेट म्हणून आलं. नवं व्हर्जन आल्यावर सगळेच घाईघाईने जे डाउनलोड करतात, अगदी तसंच.

“पण सुरुवातीला अँटिव्हायरसनाही ते सापडलं नव्हतं,” असं कुणीतरी म्हणेल. खरं आहे, पहिल्या दिवसांत बहुतेकांना ते ओळखता आलं नाही. पण नंतर त्याची ओळख पटली, अँटिव्हायरसच्या याद्या अद्ययावत झाल्या आणि ज्यांचा चालू होता त्यांना इशारा मिळण्याची सोय झाली. ज्यांनी बंद करून तसाच विसरून ठेवला, त्यांना कोण सांगणार? हा एकटाच प्रसंग आहे असंही नाही. २०१५ साली जीटीए ५ च्या ‘अँग्री प्लेन्स’ आणि ‘नोक्लिप’ या मॉडमध्ये तुम्ही दाबाल ती प्रत्येक कळ टिपणारा कीलॉगर निघाला होता.

आता नाइलाजाने एक कबूल करतो: अँटिव्हायरस कधीकधी चांगल्या मॉडवरही ओरडतो. स्क्रिप्ट एक्सटेंडर किंवा मॉड लोडर, म्हणजे बाकीचे मॉड गेममध्ये चालवणारे प्रोग्राम, चालत्या गेमच्या आत स्वतःला घुसवतात, आणि मालवेअरही तेच करतं, म्हणून संशय येतो. पण भुंकतो म्हणून राखणीचा कुत्राच सोडून द्यायचा का? फाइल मॉडकर्त्याच्या मूळ पानावरूनच घेतली आहे ना ते बघा. त्याच फाइलीबद्दल तिथे इतरांनी तक्रार केली आहे का, कर्त्याने काही उत्तर दिलं आहे का, ते वाचा. व्हायरसटोटल या साइटवर ती फाइल टाकून बाकीचे अँटिव्हायरस काय म्हणतात ते पाहा. एवढं करून खात्री पटली तर ती एकच फाइल क्वारंटाइनमधून, म्हणजे अँटिव्हायरसने अडकवून ठेवलेल्या जागेतून, सोडवा. अख्खं डाउनलोड फोल्डर सवलतीच्या यादीत टाकू नका, संरक्षण बंद तर मुळीच करू नका. आणि ज्यांनी बंद करून मॉड टाकलेच आहेत, त्यांनी आज पूर्ण स्कॅन लावा. काही सापडलं तर पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, त्याच संगणकावरून नव्हे.

हुश्श. आता पहिला मुद्दा. “मॉडवाले संध्याकाळपर्यंत जुळवून देतात.” कोण हो हे मॉडवाले? बहुतेक जण फावल्या वेळात, फुकट हे काम करतात. त्यांना संध्याकाळची मुदत तुम्ही कोण देणार? फॉलआउट ४ चं मोठं अपडेट २५ एप्रिल २०२४ ला आलं. ‘फॉलआउट: लंडन’ हा त्याच गेमवरचा अवाढव्य मॉड बरोबर दोन दिवस आधी, २३ एप्रिलला यायचा होता. त्या चमूने तारीख पुढे ढकलली. मॉड आला २५ जुलैला, आणि तोसुद्धा गेम आधीच्या व्हर्जनवर नेऊन चालवायचा. वर्षानुवर्षं राबलेल्या चमूचं हे झालं, मग तलवारीला नवा रंग देणाऱ्या एकट्या पोराचं काय सांगता?

हे का होतं तेही बघा. स्कायरिमचा स्क्रिप्ट एक्सटेंडर आणि त्याची डीएलएल गेमच्या मुख्य प्रोग्राममध्ये कोणतं काम कोणत्या पत्त्यावर आहे यावर अवलंबून असतात. नोव्हेंबर २०२१ च्या अपडेटमध्ये गेम नव्या कंपायलरने (लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम करणारं साधन) बांधला गेला आणि पत्ते सरसकट हलले. व्हर्जन बदलून पत्ते हलले तरी मॉडना ते सापडावेत म्हणून जी ‘अ‍ॅड्रेस लायब्ररी’ वापरतात, तिलाही नव्या व्हर्जनांसाठी वेगळा संच काढावा लागला. त्याच दिवशी नुसती चित्रं आणि आकार बदलणारे मॉड मात्र आरामात चालत होते. म्हणजे ‘अपडेटने सगळे मॉड मरतात’ हेही खोटंच. कोडवाले मरतात, रंगरंगोटीवाले बहुधा वाचतात.

त्यामुळे क्रम उलटा हवा. आधी लोडर किंवा एक्सटेंडर नव्या व्हर्जनसाठी आला का ते पाहायचं, मग ज्यांच्यावर बाकीचे मॉड उभे असतात त्या लायब्ररी, मग ते मॉड, आणि सगळ्यात शेवटी गेमचं अपडेट. स्टीमवर, म्हणजे गेम विकत घेण्याच्या आणि चालवण्याच्या अ‍ॅपवर, गेम सुरू करेपर्यंत अपडेट थांबवून ठेवायची सोय गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये आहे. (सुरू केलात की मात्र ते येणारच, हे विसरू नका.) सिम्स ४ तर प्रत्येक पॅचनंतर मॉड स्वतःहून बंद करतो. गेम बनवणारी कंपनीच थांबा म्हणते आणि फॉरवर्डवाला म्हणतो पळा!

आकडा बदलण्याचा चौथा मुद्दा म्हणजे हात दाखवून अवलक्षण. यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो पसरतो. रिमवर्ल्डचं घ्या. प्रत्येक मॉडच्या ‘अबाउट’ फाइलीत तो कोणत्या व्हर्जनांवर चालतो याची यादी असते. मॉड नुसत्या एक्सएमएलचा (कोड नसलेल्या, माहितीच्या मजकुराच्या फाइलींचा), म्हणजे एखादी खुर्ची किंवा पीक वाढवणारा असेल, तर यादीत नवं व्हर्जन नसतानाही तो अनेकदा चालतो. त्यासाठी आकडा बदलायचीही गरज नसते, गेम इशारा देऊन चालू करू देतो. पण आत डीएलएल असेल तर ते गेममधल्या ज्या फंक्शनला हाक मारतं, ते नव्या व्हर्जनमध्ये नाव बदलून बसलेलं असू शकतं किंवा उडालेलं असू शकतं. मग लॉगमध्ये, म्हणजे गेमच्या नोंदींत, चुकांच्या लाल ओळींचा पाऊस. लाल ओळ दिसली तर नशीब म्हणायचं, कारण निदान कळतं तरी. खरी भीती अर्धवट चालणाऱ्या मॉडची: वर सगळं ठीक दिसतं आणि आत ऑटोसेव्ह चुकीची माहिती लिहीत राहते. आकडा बदलून तुम्ही फक्त इशाऱ्याची पाटी काढली, पुढचा खड्डा जागच्या जागी आहे.

तिथून थेट सेव्हवर येतो. क्लाउड हा बॅकअप नाही. संगणकावर जे आहे ते तो वर नेतो, बिघडलेली सेव्हसुद्धा तितक्याच निष्ठेने. माइनक्राफ्टमधलं उदाहरण घ्या. मॉडच्या पेट्यांमध्ये तुम्ही सगळा माल रचून ठेवला आहे. नव्या व्हर्जनसाठी तो मॉड अजून आलेला नाही, तरी ‘जरा बघू’ म्हणून जग उघडलं. गेमला त्या पेट्या ओळखू येत नाहीत, म्हणून त्या जागी हवा. तुम्ही तिथून फेरफटका मारलात, तो भाग तसाच सेव्ह झाला. पुढच्या आठवड्यात मॉड आला, टाकला, आणि पेट्या? गेल्या. जुन्या व्हर्जनवर परत जाण्याचाही उपयोग नाही, कारण नव्यात उघडलेलं जग जुन्यात नीट उघडेल याची हमी नसते. म्हणूनच असं जग उघडण्याआधी गेम स्वतः बॅकअप घेऊ का असं विचारतो. त्या खिडकीवर ‘हो’ म्हणा. स्टारड्यू व्हॅलीचा एसएमएपीआय हा लोडर तर न विचारताच सेव्हच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. जिथे अशी सोय नाही तिथे सेव्हचं फोल्डर कॉपी करून भलतीकडे ठेवायला मिनिटभर लागतं.

‘रिप्लेस ऑल’बद्दल फार बोलत नाही. अनेक मॉडच्या फाइलींच्या नावातच व्हर्जन असतं, त्यामुळे नवी फाइल जुनीच्या जागी येत नाही, शेजारी बसते. एकाच मॉडच्या दोन प्रती सापडल्या की एसएमएपीआय दोन्ही नाकारतो, सगळे लोडर इतके चोखंदळ नसतात. जुनं फोल्डर काढा, आपल्या सेटिंगची फाइल तेवढी बाजूला ठेवा, मग नवं टाका.

राहिलं ‘व्हेरिफाय’. स्टीमचं ते बटण गेमच्या स्वतःच्या फाइली तपासतं आणि बदललेल्या असतील तर मूळच्या आणून ठेवतं. मॉडने वरून टाकलेल्या जादा फाइलींना ते हात लावत नाही, त्या गेमच्या फोल्डरमध्ये तशाच पडून राहतात आणि गेम सुरू झाला की पुन्हा लोड होतात. शिवाय ज्या मूळच्या फाइली आणतं त्या नव्या व्हर्जनच्या. तुम्ही जुन्यावर मुद्दाम थांबला असाल तर तेही गेलं. कोरा करकरीत गेम हवा असेल तर अनइन्स्टॉल करा, मागे उरलेलं फोल्डर हाताने उडवा, आणि मग नव्याने इन्स्टॉल करा. सेव्हची प्रत त्याआधी.