खून, प्रेम आणि वाळ्याची काडी

मे महिन्यात नागपुरात कोणी कोणाला काही सुचवू नये. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की माणसाला पाणी पी म्हटलेलंही सोसत नाही. पण आमच्या वाचनकट्ट्याचा नियम असा, की दर महिन्याला एकानं एक पुस्तक सुचवायचं, बाकीच्यांनी ते आळीपाळीनं वाचायचं आणि शेवटच्या रविवारी सगळ्यांनी जमून त्यावर तर्री-पोहे खायचे. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या नावासमोर मे निघाला. ज्यांना डिसेंबर मिळाला होता त्यांनी स्वतःचाच कवितासंग्रह सुचवून वेळ मारून नेली होती. थंडीत खपून जातं.

पुस्तक माझ्याकडे कसं आलं ते आधी सांगतो, कारण त्यात माझी काहीच हुशारी नाही. भाच्याच्या स्पर्धा परीक्षेचं गाईड आणायला बर्डीवर गेलो होतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराकडे साठ रुपये सुटे नव्हते. पूर्वी अशा वेळी हातावर दोन चॉकलेटं ठेवायचे. यानं एक जाडजूड इंग्रजी कादंबरी ठेवली. मुखपृष्ठावर लाल कोट घातलेली एक बाई बर्फातून पळते आहे आणि पळता पळता मागे बघते आहे. मी फक्त ते बर्फ बघून पुस्तक घेतलं.

दुपारी दीडला दारं-खिडक्या लावून कूलरसमोर वाचायला बसलो. मध्ये दोनदा कूलरची टाकी भरली, एकदा जेवलो, एकदा 'जेवले का' असं विचारल्यावर 'कोण मेलं?' असं उत्तर दिलं. रात्री साडेअकराला पुस्तक संपलं. कूलरच्या ओल्या हवेनं ते तोवर दीडपट फुगलं होतं आणि ताटीतली वाळ्याची एक काडी उडून दोनशे बारा नंबरच्या पानात जाऊन बसली होती. ती मी तशीच राहू दिली. त्या पानाशी माझं काम होतं, ते पुढे येईल.

आता हे पुस्तक कोणत्या जातीचं, हा खरा घोळ. मागच्या कव्हरवर छापलं होतं: ख्रिश्चन रोमँटिक सस्पेन्स. अमेरिकेत हा धंदा म्हणून चांगला रुळलेला प्रकार आहे. टोरोंटोच्या ज्या हार्लेक्विन कंपनीच्या प्रेमकथा आपल्याकडच्या मुलींनी अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचल्या, त्याच कंपनीनं १९९७ मध्ये श्रद्धाळू प्रेमकथांची वेगळी मालिका काढली आणि २००५ मध्ये तिला सस्पेन्सची फांदी फुटली. ख्रिस्ती प्रकाशनसंस्था तर त्याच्या कितीतरी आधीपासून यात आहेत. नियम कडक. खून चालतो, शिवी चालत नाही. खलनायकानं शिवी हासडली एवढंच लिहितात, कोणती ते वाचकानं आपापल्या संस्कारांनुसार ठरवायचं. नायक-नायिका एकाच घरात लपून राहतात, तरी मध्ये एक भिंत, एक कुत्रा आणि एक म्हातारी असतेच. माझ्या पुस्तकात पहिलं चुंबन दोनशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर आलं, तेही कपाळावर. तोवर तीन माणसं मेली होती. आपल्या दुपारच्या मालिका यापेक्षा चावट असतात.

म्हणजे पुस्तक अगदी घरात ठेवण्यासारखं. पण सुचवायचं कसं? त्या तीन शब्दांतला प्रत्येक शब्द आमच्या कट्ट्यावरच्या कोणाला ना कोणाला पळवून लावणारा. 'रोमँटिक' म्हटलं की नाना उठणार. 'सस्पेन्स' म्हटलं की अध्यक्ष, जे तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाले, चष्मा काढून पुसायला लागणार. आणि पहिला शब्द उच्चारला की काय होईल याची चुणूक मला घरातच मिळाली.

"काऊन जी," बायको पुस्तकाचं मागचं पान वाचून म्हणाली, "हे काय नवीन सुरू करून राहिले तुम्ही? आधी योगा, मग ते मशरूम, आता हे!"

मी म्हटलं, "अगं, मी हिस्लॉपचा विद्यार्थी. मिशनऱ्याच्या नावाच्या कॉलेजात तीन वर्षं काढली तेव्हा काही झालं नाही, आता साडेतीनशे पानांनी काय होणार?"

"तेव्हा तुम्ही कॉलेजात जात कुठे होते?"

हे खरं होतं, म्हणून विषय तिथेच थांबला. स्टीफन हिस्लॉप हा माणूस १८४५ मध्ये नागपुरात आला. धर्मप्रसार करता करता तो इथले दगड गोळा करायला लागला आणि भूगर्भशास्त्रात नाव करून बसला. त्याच्या नावाचं एक खनिजही आहे. असल्या कादंबरीचा नायक तो सहज शोभला असता. पण हे सगळं बायकोला सांगायला गेलो असतो तर मशरूमचा विषय पुन्हा निघाला असता.

तेव्हा मी एक युक्ती केली. युक्ती कसली, भानगडच. ज्याला जे पचेल ते नाव सांगून पुस्तक दिलं.

नानांना म्हटलं, "रहस्यकथा आहे. पहिल्याच पानावर मर्डर."

"मग ठीक आहे," नाना म्हणाले. नाना जन्मभर हिशेब तपासनीस. खून चौथ्या पानावर गेला असता तर उशिराबद्दल खुलासा मागितला असता.

समोरच्या वहिनींना सांगितलं, "लव्हस्टोरी आहे, पण सुनेसमोर वाचता येईल अशी." त्यांनी पुस्तक दोन दिवस वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचलं आणि तिसऱ्या दिवशी कव्हर काढलं. लपवण्यासारखं काही निघालं नाही म्हणून त्या जरा नाराजच दिसल्या. कट्ट्यावरच्या एकुलत्या एक कॉलेजवाल्या पोट्टीला म्हटलं, "थ्रिलर आहे बेटा." तिनं ते पुस्तक न घेताच मोबाईलवर उतरवलं. आणि अध्यक्षांपुढे मी घसा साफ करून म्हणालो, "श्रद्धा आणि संशय यांचा संघर्ष मांडणारी कादंबरी आहे सर." यात एका अक्षराचंही खोटं नव्हतं. संशय फक्त खुनाचा होता.

सरांनी मलपृष्ठ वाचलंच. "पण हे आपल्या परंपरेत बसत नाही," ते म्हणाले.

इथे मात्र मला चेव आला. "सर, मराठीतली पहिली कादंबरी कोणती? बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७. त्यात प्रवास आहे, विधवांचे हाल आहेत, नवऱ्याचा मृत्यू आहे, नायिका ख्रिस्ती होते आणि शेवटी तिचं दुसरं लग्न लागतं. एक खून टाकला असता तर हेच पुस्तक झालं असतं."

सर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. हे मी त्यांच्याच वर्गात ऐकलेलं, हे बहुधा त्यांच्याही लक्षात आलं. तीन वर्षांत मी जे मोजके तास बसलो, त्यातला तो एक.

पुस्तक फिरायला लागलं आणि माझे हाल सुरू झाले. नाना पेन्सिल घेऊन वाचतात. ज्या ज्या पात्राचा संशय आला त्याच्या नावासमोर बारीक बरोबरची खूण, आणि तारीख. 'शेरीफ: संशयास्पद. ६ मे.' 'पाद्री: जास्तच गोड बोलतो. ७ मे.' 'कुत्रा त्या रात्री भुंकला नाही, तपासावे.' पुढच्या प्रत्येकाला वाटलं, नानांनी वाचून झाल्यावर खुणा केल्या, म्हणजे हाच खुनी. वहिनींनी पाद्र्याला धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. शेवटी तो निर्दोष सुटला तेव्हा त्यांना फसवल्यासारखं झालं, आणि तो राग नानांवर न निघता माझ्यावर निघाला. सस्पेन्सचं पुस्तक सुचवणाऱ्याची पंचाईत अशी, की समोरचा चुकतोय हे दिसत असतं आणि तोंड उघडता येत नाही. सकाळी फिरायला निघालो की फाटकाशी वहिनी उभ्या: "तो पाद्रीच आहे ना? नुसती मान हलवा." मी फिरायचा रस्ता बदलला.

या सगळ्यात एक वाचक अशी निघाली जिला मी पुस्तक दिलंच नव्हतं. आमची आत्या. वय शहाऐंशी, इंग्रजी येत नाही, दुपारी झोप येत नाही. मी काय एवढं वाचतो म्हणून तिनं विचारलं आणि मी झोपाळ्यावर बसून रोज दोन-दोन प्रकरणं सांगायला लागलो. मुलगी गुराढोरांची डॉक्टर. तिनं खून होताना पाहिला. तिच्या रक्षणाला एक पोलीस अधिकारी नेमला.

"मुलगा पर्मनंट आहे का?" आत्यानं विचारलं.

"आहे."

"मग घोडं कुठे अडलं?"

घोडं या कादंबऱ्यांत कायम एकाच ठिकाणी अडतं. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात संत पौल सांगतो, की श्रद्धावंतानं अश्रद्धाबरोबर विजोड जुवाखाली जाऊ नये. त्यामुळे नायक कितीही देखणा असो, नेमबाज असो, त्याची आणि देवाची गाठ पडल्याशिवाय लग्न नाही. आणि आमचा हा नायक, धाकटा भाऊ गेल्यापासून चर्चची पायरी चढलेला नव्हता. देवाशी बोलणं बंद. मला वाटलं, हे आत्याला कसं समजवावं? दोनदा वाक्य जुळवलं.

"मुलगा देव मानत नाही," मी शेवटी म्हटलं.

"मानत नाही का रुसलाय?"

मी थांबलो. साडेतीनशे पानं वाचून मला हा फरक सुचला नव्हता.

"रुसलाय."

"मग काही अडचण नाही," आत्या पायानं झोपाळ्याला झोका देत म्हणाली. "तुकोबा काय कमी भांडले? जनाबाईनं तर सरळ कारट्या म्हटलं विठोबाला. जो भांडतो तो काही सोडून जात नाही. पुढे सांग."

दोनशे बारावं पान मी तिला सांगितलं. नायिका गोठ्यात लपलेली, दिवे गेलेले, बाहेर बर्फावर पावलं वाजताहेत. नायकाच्या हातात पिस्तूल. आणि कित्येक वर्षांनी तो देवाशी पहिलं वाक्य बोलतो. मोठी प्रार्थना नाही, फक्त एवढंच, की मला भीती वाटते आहे. मी निवृत्त माणूस, दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या तपासणीला टेबलावर झोपलो होतो तेव्हा अगदी हेच वाक्य मनात आलं होतं आणि कोणाला म्हणायचं ते न कळून मी छतावरचे पंखे मोजले होते. हे पुस्तक मी सुचवलं ते या एका पानासाठी. पण हे कट्ट्यावर सांगण्याची माझी छाती नव्हती, म्हणून तर थ्रिलर, लव्हस्टोरी, संघर्ष अशी सगळी सोंगं.

आत्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लाइट आपल्याकडेही जातात. लग्न झालं ना शेवटी?"

शेवटचा रविवार उजाडला. सरांच्या हॉलमध्ये कूलर एवढा जोरात, की चर्चा ओरडून करावी लागली. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांच्या लक्षात आलं, की आपण एकच पुस्तक वाचलेलं नाही. नाना पुराव्यांवर बोलत होते, वहिनी कपाळावर. पोट्टी म्हणाली, प्रार्थनेची पानं तिनं उडवली, आणि सर म्हणाले, त्यांनी तेवढीच वाचली. मग सगळे माझ्याकडे वळले. "तुम्ही मला वेगळंच सांगितलं होतं," असं चार जणांनी चार वेळा म्हटलं. मी पोह्यावर तर्री ओतून घेतली.

आणि मग सिस्टर बोलल्या.

सिस्टर म्हणजे आमच्या कट्ट्यावरच्या एकमेव ख्रिस्ती सभासद. मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या, सदरहून स्कूटरवर येतात, नाताळात सगळ्यांना केक आणि करंज्या देतात. ज्यांना हे पुस्तक सगळ्यात आधी द्यायला पाहिजे होतं त्यांनाच मी ते दिलं नव्हतं. कारण काय? लाज. 'हे ख्रिश्चन आहे, तुम्हाला आवडेल' हे वाक्य कोणत्याही बाजूनं फिरवलं तरी भोचकच वाटत होतं. महिनाभर मी त्यांच्यापुढे पुस्तकाला पाठीमागे धरून उभा होतो.

"मला काऊन नाही दिलं?" त्या म्हणाल्या. कूलर तेवढा बोलत राहिला.

"ते... तुम्ही वाचलं असेल असं वाटलं."

"वाचलंच आहे. माझी भाची अमेरिकेहून दर खेपेला अशी चार-चार आणते, कपाट भरलंय." त्यांनी पुस्तक हातात घेतलं, बरोबर दोनशे बारावर उघडलं, कारण काडी तिथेच होती. "हे पान बरं आहे. तो पोरगा खरं बोलतो. पण त्या पोरीचं मला पटत नाही. बाहेर माणूस बंदूक घेऊन उभा आणि ही गुडघ्यावर बसून, डोळे मिटून प्रार्थना करते! काय गरज होती? उघड्या डोळ्यांनी होते ना प्रार्थना. मी तीस वर्षं कॅज्युअल्टीत उघड्या डोळ्यांनीच केली. एका हातात सलाईन असायचं."

कोणी काही बोललं नाही. सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"आणि रहस्यकथाच वाचायची," सिस्टर पुस्तक मिटत म्हणाल्या, "तर आपले बाबूराव अर्नाळकर काय वाईट आहेत? हजारावर पुस्तकं लिहिली त्या माणसानं. झुंजार काय, काळापहाड काय! नाइट ड्यूटीला मी तेच वाचायची. जूनचा नंबर माझा आहे ना?"

त्यांनी पर्समधून एक जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. नानांनी खिशातून पेन्सिल काढली.