अजून कॅमेरे कशाला?

समोरच्या विंगमध्ये काल भरदुपारी घरफोडी झाली आणि आज सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर एकच धोशा: अजून कॅमेरे बसवा. अहो, आहेत की कॅमेरे! तो माणूस त्यात स्वच्छ दिसतोय. इस्त्रीचा शर्ट, पाठीला लॅपटॉपची बॅग. आपल्यातल्याच एकाने त्याच्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवलंय. नंतर खाटखूट सगळ्या मजल्याने ऐकली, पण कोणाकडे तरी सुतारकाम चालू असेल म्हणून सगळे गप्प.

मागे आम्ही बाहेरगावी असताना दोघं जण हत्यारांची पेटी घेऊन आमच्या दाराशी आले होते. समोरच्या काकांनी दाराच्या साखळीआडून विचारलं, "कोणाकडे?"
"एसी दुरुस्तीला. साहेबांनी बोलावलंय."
"थांबा, साहेबांना फोन लावतो."
काकांचा फोन मला लागेपर्यंत दोघं जिन्याने पसार! आणि याच काकांना आपण भोचक म्हणतो.

कुलूप चांगलं हवं, मान्य. पण लोक जाडजूड कुलूप आणतात आणि ते अडकवतात चार किरकोळ स्क्रूंवर तगलेल्या कोयंड्याला. चोर कुलपाला हातसुद्धा लावत नाही, पहार घालतो आणि कोयंडाच उचकटतो. शिवाय बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे घरात कोणी नाही अशी पाटीच की! त्यापेक्षा दाराच्या आत बसणारं, चौकटीत खोल दांडी जाणारं कुलूप घ्या आणि चौकटीवरच्या पट्टीला लांब स्क्रू मारा. नुसतं लॅच ओढून निघू नका, तिरक्या जिभेचं लॅच प्लास्टिकच्या पट्टीनेही सरकतं. कुंडीखाली किल्ली ठेवणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

आणि ग्रुपवर कोणीतरी लिहिलंय, घरकामाच्या बायकांची रोज झडती घ्या. वाचून डोकंच फिरलं. चोर इस्त्रीच्या शर्टात आला, लिफ्टमधून गेला आणि झडती कोणाची, तर वर्षानुवर्षं आपली घरं सांभाळणाऱ्यांची? विचारपूस अती झाली की जाच होतो, हे खरंय. पण काका सगळ्यांना विचारतात, एकाच सुरात. माझ्या मेव्हण्यालाही विचारलं होतं, तो अजून फुगलेला आहे. असू दे.

एकदा फोडलेल्या घराला आणि आसपासच्या घरांना पुढचे काही दिवस जास्त धोका असतो. वाट, वेळ, दारं, सगळं चोराला ठाऊक झालेलं असतं. म्हणून या आठवड्यात कुठे जाणार असाल तर शेजारी सांगून जा. पेपर आणि कुरिअर कोणीतरी उचलू दे. फोटो परत आल्यावर टाका. खाटखूट ऐकलीत तर शेजाऱ्याला फोन करा. संशय आला तर पोलिसांना कळवा, एकट्याने अंगावर जाऊ नका.

ज्यांच्याकडे चोरी झाली त्या आजी एकट्या असतात. मेसेजचा पाऊस पडलाय, पण त्यांच्याकडे गेलं कोण? काका. आजींचं दार अजून नीट लागत नाहीये. मी सुताराला घेऊन निघालेय, कोणाकडे लांब स्क्रू असतील तर घेऊन या.