चार बळींचा आकडा, पण राइड दुसरीच

मे महिन्याच्या सुटीच्या तोंडावर घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरतो आहे. चार जणांचा बळी गेल्यामुळे डिस्नेने अमेरिकेतील ‘स्प्लॅश माउंटन’ ही राइड जमीनदोस्त केली, ओंडक्याच्या आकाराची होडी उतारावर सुटली की तिच्यावर कोणाचाच ताबा राहत नाही आणि म्हणून जगभर अशा ‘लॉग फ्लूम’ राइड बंद होत आहेत, असे त्यात म्हटले आहे.

चार बळी हा आकडा खरा आहे, परंतु तो ऑस्ट्रेलियातील ‘ड्रीमवर्ल्ड’ उद्यानातला आहे. तेथे २५ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘थंडर रिव्हर रॅपिड्स’ या गोल तराफ्यांच्या राइडवर चौघांचा मृत्यू झाला. ती लॉग फ्लूम नव्हती आणि डिस्नेचीही नव्हती. स्प्लॅश माउंटनवर मृत्यू घडलाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २००० साली फ्लोरिडात चालत्या होडीतून उतरू पाहणारा एक पर्यटक दगावला होता. पण त्यानंतर ती राइड बावीस वर्षे चालू राहिली. ती २०२३ साली बंद झाली, कारण तिची कथा ज्या १९४६ सालच्या ‘साँग ऑफ द साउथ’ चित्रपटावर बेतलेली होती, त्यातील कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर दीर्घकाळ आक्षेप घेतले जात होते. कथाविषय बदलण्याचा निर्णय जून २०२० मध्येच जाहीर झाला होता.

होडीवर ताबा नसतो, हे विधान अधिक फसवे आहे, कारण होडी तरंगताना खरोखरच मोकळी दिसते. मात्र तलावपाळीवरची पायडल बोट जशी वाटेल तिकडे वळते, तशी ही वळूच शकत नाही. तिची पन्हळ तिच्यापेक्षा थोडीच रुंद असते आणि वळणे पन्हळीच्या भिंतीच ठरवतात. चढावर तिला पट्टा किंवा साखळी ओढून नेते. मुख्य उताराची उंची साधारण १६ मीटर धरली आणि घर्षण अजिबात नाही असे मानले, तरी वेग ताशी ६४ किलोमीटरच्या आसपासच भरतो. या हिशेबात होडीत बसलेल्यांचे वजन येतच नाही. तळाशी उडणारा पाण्याचा फवारा प्रेक्षकांना देखावा वाटत असला, तरी खरा ब्रेक तोच असतो, कारण पाणी बाजूला सारण्यात होडीचा वेग खर्च होतो.

जपायला हवे ते दोन होड्यांमधील अंतर आणि पाण्याची पातळी. लोकलच्या मागे लोकल सोडताना सिग्नल जे काम करतो, तेच काम येथे मधले थांबे करतात. ड्रीमवर्ल्डमध्ये पंप बंद पडून पाणी उतरले, एक तराफा रुळांवर अडकला आणि पट्टा न थांबल्याने मागचा तराफा त्यावर आदळला. पातळी घसरताच यंत्रणा आपोआप थांबवणारी सोय तेथे नव्हती, हे पुढे चौकशीत दिसून आले. संदेश लिहिणाऱ्याला भीतीच घालायची होती, तर त्याने पंपाची घालायला हवी होती. ती निदान रास्त ठरली असती.

जमीनदोस्त झाल्याचे म्हणाल, तर तोच डोंगर, तीच पन्हळ आणि तोच उतार कायम ठेवून ‘टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने ती राइड २०२४ साली फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया या दोन्ही ठिकाणी पुन्हा सुरू झाली. टोकियोच्या स्प्लॅश माउंटनला तर या बदलातून वगळलेच होते.

काही लॉग फ्लूम बंद झाल्या, हे खरे. इंग्लंडमधील ‘आल्टन टॉवर्स’ची १९८१ सालची फ्लूम २०१५ साली बंद झाली. तिच्या जागी २०१८ साली ‘विकर मॅन’ हा लाकडी रोलरकोस्टर उभा राहिला, आणि घाबरट माणसाने लॉग फ्लूम सोडून त्याच्यात जाऊन बसावे, इतका काही तो सौम्य नाही.