मडगावची डिस्क, फोंड्याचा फोल्डर

आमच्याकडे उत्सवाच्या नाटकावरून दरवर्षी भांडणं होतात. नाटक कुठलं, नायक कोण, पेटीवर कुणाला बसवायचं. रेकॉर्डिंग कुणी सांभाळायचं यावरून मात्र कधी वाद झालेला नाही, कारण ते काम कुणालाच नको असतं. त्यामुळे ते माझ्याकडे आलं. व्हिडिओवाल्याने एक हार्डडिस्क माझ्या हातात कोंबली आणि मडगावच्या भाईने फोनवरून फर्मान काढलं, "सगळं माझ्या कॉम्प्युटरवर घाल. हांगा सांभाळून उरतलें."

फोंड्याहून मडगाव म्हणजे बोरीचा पूल ओलांडला की आलंच. बसने जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येतं. पण भाईचा मुलगा बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. "काका, बस कशाला?" म्हणत त्याने तिथूनच माझ्या लॅपटॉपवर एसएसएचएफएस चढवून दिलं, म्हणजे लांबच्या कॉम्प्युटरची डिस्क इंटरनेटवरून आपल्याकडे जोडणारी सोय. भाईची डिस्क आता माझ्याकडे 'मडगाव' नावाचा फोल्डर होऊन दिसू लागली. माउस धरून फाइल ओढायची आणि सोडायची, मडगावात पोचली. लांबची डिस्क घरचीच आहे असं भासवायची ही विद्या जुनी. सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीने 1984 साली एनएफएस ही नेटवर्कवरून फाइली वापरायची पद्धत आणली तेव्हापासून लोक तिला भुलत आलेत. मीही भुललो.

पहिलीच फाइल अडली. 'फाइल नेम टू लाँग.' नाव व्हिडिओवाल्याने ठेवलेलं: 'श्रींच्या वर्धापनदिनानिमित्त ग्रामस्थांनी सादर केलेले तीन अंकी संगीत नाटक अंक दुसरा भाग पहिला पेटीचा आवाज कमी आहे'. त्याच्या एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या धाटणीच्या, डिस्कवर हे सुखाने नांदत होतं, कारण तिथे 255 अक्षरं चालतात. भाईच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स, तिथे 255 बाइट (डिस्कवरच्या जागेचं माप) चालतात, आणि देवनागरीतला प्रत्येक वर्ण तीन बाइट खातो. काना, मात्रा, अनुस्वार यांचे तीन-तीन वेगळे. म्हणजे मराठी माणसाच्या वाट्याला उरले फक्त 85 वर्ण. एवढ्यात आमच्या निमंत्रणपत्रिकेवरची पहिली ओळसुद्धा मावत नाही! मी नावांना कात्री लावली. 'अंक दुसरा, भाग 1.' पुढे सरकलो.

मग पाऊस आला आणि मडगावची वीज गेली. कॉपी जिथे होती तिथे गोठली. एरर नाही, काही नाही. 'मडगाव' फोल्डरवर क्लिक केलं तर खिडकीच पांढरी पडली. बऱ्याच वेळाने लॅपटॉपने तोंड उघडलं: 'ट्रान्स्पोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड.' जोडणी सोडवायला गेलो तर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी'. मेलेल्या फोल्डरात बिझी कोण? तर मीच उघडून ठेवलेली ती पांढरी खिडकी. शेवटी सर्व विकारांवरचा रामबाण इलाज केला, लॅपटॉप रीस्टार्ट.

आणि चमत्कार झाला. फाइली सपासप जाऊ लागल्या. पहिला अंक, दुसरा अंक, भरतवाक्यापर्यंत आलो. इतका वेग की बायकोला बोलावून दाखवला. तेवढ्यात 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. भाईला फोन केला.

"भाई, तुझी डिस्क भरली."

"किदें? अर्धी रिकामी आहे रे. आणि तुझं नाटक कुठाय? इथं काहीच आलेलं नाही."

रीस्टार्टनंतर जोडणी आपोआप परत होत नाही, पण 'मडगाव' नावाचा रिकामा फोल्डर जागच्या जागी असतो. त्यात टाकलेलं सगळं निमूटपणे माझ्याच डिस्कवर साठत गेलं होतं. अख्खं नाटक फोंड्याहून फोंड्याला पोचलं होतं, तेही विक्रमी वेळात.

"पेनड्राइव्हवर घालून बसने पाठवा," बायको म्हणाली. घरातला पेनड्राइव्ह निघाला फॅट32 वाला, म्हणजे फाइली मांडायच्या जुन्या पद्धतीचा. त्यात फाइलचा आकार 32 बिटांत लिहितात, म्हणून 4 जीबीच्या वरची फाइल तो घेतच नाही. आमचा दुसरा अंक त्याहून मोठा. नटाने पदं लांबवली की असं होतं.

अखेर पुतण्याने फोनवर समजावलं, "काका, त्या फोल्डरचा नाद सोडा. आरसिंक नावाचा फाइली पोचवणारा प्रोग्रॅम थेट एसएसएचवरून, म्हणजे दोन कॉम्प्युटरमधल्या सुरक्षित जोडणीवरून, चालवा. तुटलं तर तुटलेला तुकडा ठेवायला सांगा, पुन्हा तीच आज्ञा द्या." तसंच केलं. वीज जायची, यायची, मी आज्ञा द्यायचो. रात्री भाईने बत्ती गेल्याची वर्दी द्यायलाही फोन केले. आमच्या घराण्यात एवढं बोलणं वाटणीच्या वेळीसुद्धा झालं नव्हतं. सगळं पोचल्यावर दोन्हीकडे शाटूफिफ्टीसिक्स, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढून ताडून पाहिलं. बाइटचाही फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाईचा फोन.

"दुसरा अंक बघितला. पेटी ऐकूच येत नाही. कॉपी करताना आवाज सांडलाय वाटतं. परत पाठव."