कार्ड छापणं बंद करा म्हणे!

दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. लांबेल, पण वाचा.

आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मावशी तुमच्यापैकी निम्म्या लोकांना ठाऊक आहेत. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी आणि दिवाळीचा फराळ. आज भाजणी आणायला गेले तर ओसरीवर एक मुलगा लॅपटॉप उघडून बसलेला. मावशींच्या लेकानं धंदा वाढवायला कुठलीशी एजन्सी लावलीय, तिचा माणूस. रंगीत आलेख दाखवून झाले आणि शेवटी तो म्हणाला, "आंटी, ते कार्ड आणि गणपतीतला स्टॉल या वर्षापासून बंद करा. तो पैसा ऑनलाइनला लावू. कागदाचा रिझल्ट मोजताच येत नाही."

मावशी काही बोलल्या नाहीत. पदराला हात पुसून आत चहा टाकायला गेल्या.

ते कार्ड ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पोस्टकार्डाएवढा जाड कागद. एका बाजूला चकलीच्या भाजणीचं प्रमाण, अगदी वाटीच्या मापानं. दुसऱ्या बाजूला वर्षभराचे सण, खाली मावशींचं नाव आणि नंबर. दर वर्षी गणपतीच्या आधी रावपुऱ्यातल्या छापखान्यात छापून घेतात. धंद्याचं गुपित फुकट वाटणारी बाई आहे ही! आणि तरी लोक भाजणी त्यांच्याकडूनच नेतात, कारण प्रमाण वाचलं की धुणं, वाळवणं, वेगवेगळं भाजणं हा केवढा खटाटोप आहे ते कळतं. स्वतःच्या मालाची याहून प्रामाणिक जाहिरात मी तरी पाहिलेली नाही.

गेल्या दिवाळीआधी पुण्याहून एका बाईंचा मावशींना फोन आला होता. आई फतेपुऱ्यात राहायची. ती गेल्यावर घर आवरताना डब्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं हे कार्ड मिळालं, कडा तेलकट झालेल्या. त्यावरचा नंबर लावला आणि पलीकडून मावशीच बोलल्या. दोघी फोनवर रडल्या. मग ऑर्डर. आता दर सणाला पुण्याला पार्सल जातं.

हे कुठल्या आलेखात दाखवणार?

मी त्या मुलाला नेमकं हेच विचारलं. म्हणाला, "अशा एक-दोन केसेस असतात, मॅडम." एक-दोन? अरे, तुझ्या रिपोर्टात जे "गूगलवरून आलेले ग्राहक" आहेत ते मुळात आले कुठून ते बघ ना! गोत्रीची एखादी सून नणंदेच्या फ्रिजवर कार्ड बघते. घरी जाऊन मावशींचं नाव टाइप करते, पत्ता बघते, फोन करते. तुझ्या हिशोबात ती ऑनलाइन ग्राहक. कार्डाच्या खात्यावर शून्य! नाव आधीच ठाऊक असलेल्या माणसानं नाव शोधलं, तर ते नाव त्याच्यापर्यंत कुणी पोचवलं? सर्चवरची जाहिरात लागते कुणाला? ज्याला काय हवंय ते माहीत आहे त्याला. मेतकूट कशाशी खातात हेच ज्याला ठाऊक नाही तो मेतकूट शोधणार कशाला? त्याच्या हातावर गरम भात, तूप आणि चिमूटभर मेतकूट ठेवावं लागतं. गणपतीतल्या स्टॉलवर मावशी तेच करतात. आमच्या कितीतरी गुजराती शेजारणी तिथेच पहिल्यांदा "बेन, आ शुं छे?" विचारून थांबल्या आणि आता महिन्याच्या महिन्याला डबा भरून नेतात.

बरं, ऑनलाइनचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. लॉकडाऊनमध्ये व्हॉट्सॲप नसतं तर मावशींची चूल थंड पडली असती. वासणा-भायलीकडची नवी घरं नकाशावरूनच त्यांच्यापर्यंत पोचली. मान्य. आणि पेपरात घालतात ती चोपानियां, म्हणजे जाहिरातीची पत्रकं, बरीचशी रद्दीत जातात, खांबाखांबावरच्या फ्लेक्सनी शहर विद्रूप होतं, तेही मान्य.

पण सगळंच तिकडे न्यायचं? जागा कुणाची आहे ती? २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि ज्यांनी सगळी ओळख तिथेच कमावली होती त्यांचं दुकान एका रात्रीत गेलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सहा-सात तास बंद होती. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. मग सेव्ह करायला नंबर आधी हातात नको द्यायला? क्लिकमागे पैसे, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि पैसे भरणं थांबलं की जाहिरात त्याच दिवशी गायब. फतेपुऱ्याच्या कपाटातल्या त्या कार्डाला छपाईनंतर एक पैसा लागला नव्हता.

आणि हे बडोद्यात सांगावं लागतं! सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, पण लोक येतील म्हणून वाट बघत बसले नाहीत. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती गावोगाव पाठवली. ज्यांनी ग्रंथालय हा शब्दही ऐकला नव्हता त्यांच्या दारात पुस्तक गेलं. त्या शहरात राहून आपण लोकांच्या दारात जाणं कमीपणाचं मानायला लागलो?

संक्रांतीचं तर विचारूच नका. उत्तरायणाच्या पतंगांपासून रथसप्तमीपर्यंत मावशींकडून मसाल्याच्या छोट्या पुड्या वाणासाठी नेल्या जातात, प्रत्येक पुडीला ते कार्ड बांधलेलं. आपल्या बायका पैसे देऊन त्या घेतात आणि स्वतःच्या हातानं दहा घरांत पोचवतात, हळदीकुंकवाच्या मानासह. मावशींच्या धंद्याचं कौतुक करणारी बाई समोर बसलेली असते, तिच्या घरात त्याच मसाल्याची आमटी उकळत असते. एवढा विश्वास कुठल्या रीलनं मिळतो, मला दाखवा.

चहा झाल्यावर मी जरा शांत झाले. तो मुलगा वाईट नाही. नवी नोकरी असणार, वरून टार्गेट असणार. मावशींनी त्याच्यासमोर भात-मेतकूट ठेवलं, त्यानं दोनदा घेतलं आणि आपणहून विचारलं, "आंटी, हे मम्मीसाठी पाव किलो द्याल?" पैसे ठेवताना पुडीला बांधलेलं कार्ड त्यानं नीट वाचलंही. मग आम्ही बसून ठरवलं: कार्ड छापायचं, त्यावर क्यूआर कोड टाकायचा, स्कॅन केलं की भाजणी कशी भाजतात याचा व्हिडिओ आणि व्हॉट्सॲप नंबर. व्हिडिओ तो करणार. ऑर्डर घेताना "आमचं नाव कुठून कळलं?" एवढं मावशींनी विचारायचं आणि वहीत लिहायचं. मोजायचंच असेल तर असं मोजा.

स्टॉलचं मात्र अजून अडलंय. यंदा मंडळानं जागेचं भाडं वाढवलंय, मोठ्या कंपन्यांचे बॅनर लागतात म्हणून. इथे मंडळांच्या कमिटीवर असलेले निदान पाच-सहा जण माझ्या यादीत आहेत, तुम्हाला टॅग करत नाही, पण तुम्ही वाचताय हे मला माहीत आहे. मंडपाच्या दाराशी चार टेबलांची जागा घरगुती धंदेवाल्या बायकांसाठी जुन्याच भाड्यानं ठेवा. पुढच्या बैठकीत विषय काढा आणि काय ठरलं ते मला कळवा. छापखान्याला कार्डं शनिवारपर्यंत द्यायची आहेत, स्टॉलचा पत्ता त्यावर छापायचाय.